चाळीस पावलांवरचं सूप

द्वारका घाडीने माझ्या टेबलावरचे कागद हाताने बाजूला सारले आणि तिथे एक सूप ठेवलं. धान्य पाखडायचं, बांबूच्या बेळांचं साधं सूप. त्याला ठिकठिकाणी भोकं पडली होती.

"मोजा," ती म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून पन्नाशीचा एक माणूस उभा होता. काखेत छत्री, हातात एस.टी.च्या तिकिटांची सुरळी. शेवटी तोच पुढे आला.

"ही लवू घाडीची बायको. वेळण्याची. मी बाबी राऊळ, त्यांचा शेजारी. लवूच्या केसमधलो तुमचो रिपोर्ट आसा ना, तेच्यासाठी इलंव."

तो रिपोर्ट मला आठवत होता. मी तेव्हा सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत शस्त्र विभागात सहायक होते. नोकरीला चार वर्षं झाली होती. लवू घाडी हा शेतकरी. रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवाना मिळालेली एकनळी बारा बोअरची बंदूक त्याच्याकडे होती. आदल्या वर्षी ऑक्टोबरात, भात कापणीला आलेलं असताना, तिन्हीसांजेला त्याच्या बंदुकीने त्याचा चुलतभाऊ वसंत मेला. लवूचं म्हणणं असं, की तो राखणीच्या आपल्या माचावर बसला होता, समोर व्हाळाच्या ओढ्यापलीकडे वसंताच्या मांगरापाशी, म्हणजे त्याच्या शेतातल्या खोपीपाशी, काहीतरी वाकून हलताना दिसलं, डुक्कर समजून त्याने बार टाकला. पोलिसांचं म्हणणं असं, की दोघांत व्हाळाच्या पाण्यावरून भांडण होतं. लवू व्हाळ ओलांडून गेला आणि समोर उभं राहून त्याने वसंताला मारलं. साक्षीदार कुणीच नव्हता. दोन म्हणण्यांत फरक होता तो फक्त अंतराचा. माच मांगरापासून सत्तावीस मीटरवर होता, आणि व्हाळाचा अलीकडचा काठ वीस मीटरवर.

हे अंतर छऱ्यांवरून काढता येतं. काडतुसातले छरे नळीतून सुटल्यावर जसजसे पुढे जातात तसतसे पांगतात. वसंताच्या अंगावर आणि मागच्या कुडावर मिळून छऱ्यांचा पसारा सहासष्ट सेंटिमीटर होता. आम्ही लवूची बंदूक कागदावर निरनिराळ्या अंतरांवरून चालवून पाहिली. सहासष्ट सेंटिमीटरचा पसारा पंधरा मीटरवर आला. म्हणून अहवालात लिहिलं : 'अंदाजे पंधरा मीटर.' पंधरा मीटर म्हणजे व्हाळाच्या पलीकडे, वसंताच्या खळ्यात. तिथून माणूस आणि डुक्कर यांतला फरक आंधळ्यालाही कळला असता. खुनाचा खटला त्या एका ओळीवर उभा होता, आणि लवू चौदा महिने तुरुंगात होता.

"मोजा म्हणतंय ना," द्वारका पुन्हा म्हणाली. "की शिकलेल्या माणसांका सुपातली भोकां मोजूक येनत नाय?"

मी मोजली. एक्केचाळीस.

"हे काय आहे?"

बाबी राऊळने सांगितलं. त्यांच्या गावात खंडेनवमीला बंदुकांची पूजा होते. पूजा झाली की देवळामागच्या मळ्यात प्रत्येक बंदूकवाला आपल्या घरचं सूप आणतो, ते काठीला टांगतो आणि चाळीस पावलांवरून एक बार टाकतो. ज्याच्या सुपाला जास्त भोकं, त्याला त्या वर्षी डुकराचा पहिला वाटा. "सूप मगे घरातच टांगून ठेवतत. लवूचा ह्या सूप त्या वर्साचा. वसंता मेलो तेच्या आदी पंधरा दिवस."

"चाळीस पावलं कुणी मोजली?"

"मी," बाबी म्हणाला. "दर वर्साक मीच मोजतंय."

मी त्याला व्हरांड्यात नेऊन दहा पावलं चालायला लावलं आणि टेपने मोजलं. त्याचं पाऊल सव्वादोन फुटांचं भरलं. चाळीस पावलं म्हणजे सत्तावीस मीटरांहून थोडं जास्त.

परत आले तेव्हा द्वारका होती तिथेच उभी होती.

"माका अक्षर येता, बाई. तुमचो कागद मी वकिलाकडे बसान वाचलंय. त्या कागदात लिवलाहा की हे बंदुकीचे छरे इतके फाकतत. मगे ह्या सुपात एक्केचाळीस खंयसून इले? माझ्या घोवाची बंदूक तुरुंगात गेल्यावर फाकाक लागली काय?"

बंदुकीच्या नळीचं तोंड आतून किंचित आवळलेलं असू शकतं. शेवटच्या दोन-तीन बोटांत, जेमतेम एक मिलिमीटर. याला चोक म्हणतात. हा आवळ असला की छरे एकमेकांना धरून जातात आणि लांबवरही दाट पडतात. नसला की लगेच पांगतात. आमच्याकडे आलेल्या बंदुकीला आवळ अजिबात नव्हता. तिची नळी बुडापासून तोंडापर्यंत सारखीच रुंद होती. त्या काडतुसात सत्तरच्या आसपास छरे असत. तसल्या नळीने चाळीस पावलांवरच्या सुपात पंधरा-सोळा बसले तर खूप. एक्केचाळीस बसणं शक्य नव्हतं.

"ही बंदूक आमच्याकडे यायच्या आधी कुठे होती?"

"ठाण्यात. खंय असतली?" द्वारका म्हणाली. "निवडणूक होती तेव्हा. सगळ्यांच्याच बंदुको ठाण्यात जमा होत्यो."

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, निकालानंतर परत मिळतात. मी बाबीकडे वळले. "तुमच्याकडेही बंदूक आहे?"

"आसा."

"तीही जमा होती?"

"सगळ्यांचीच होती," तो म्हणाला आणि छत्रीचं बटण उघडून पुन्हा लावलं.

*

निमकरसाहेब आमच्या विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी सूप त्यांच्या समोर धरलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ओगले, आपण एम.एस्सी. केली ती पाखडायला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचा हात एका दुसऱ्याच फाइलवर सह्या करत होता.

"याला सील आहे? पंचनामा आहे? नाही. मग हे भांडं आहे, पुरावा नाही. त्यांनी गोठ्यामागे दहा पावलांवरून मारलं असेल."

"दहा पावलांवरून सगळेच्या सगळे छरे सुपात आले असते, सर. आणि मध्ये भगदाड पडलं असतं. ही भोकं सुटी सुटी आहेत, काठापर्यंत पसरलेली आहेत."

"तर मग दोनदा मारलं असेल."

"किंवा आपण तपासलेली नळी त्याची नसेल."

त्यांचा हात थांबला. "बंदुकीचा नंबर जुळत होता."

"नंबर मागच्या भागावर असतो, चापाच्या वर. नळीवरचा नंबर घासून गेला होता. परवान्यातही नळीचा नंबर नाही."

"हे बघ." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि त्या मऊपणाची मला आजही चीड येते. "अहवाल कोर्टात गेलेला आहे. त्याच्यावर माझी सही आहे आणि तुझीही आहे. आज एका सुपावरून आपण शब्द फिरवला, तर उद्या प्रत्येक आरोपीची बायको काहीतरी घेऊन येईल. कुणी सूप, कुणी चाळण. प्रयोगशाळेवर विश्वास राहिला पाहिजे."

"आणि तो माणूस?"

"तो माणूस न्यायाधीश बघतील."

मी सूप उचललं आणि बाहेर पडले. रागाने माझे कान तापले होते. त्याच दुपारी मी रजेचा अर्ज टाकला, आरोपीला सरकारने दिलेल्या वकिलाला फोन केला आणि त्याला फेरतपासणीचा अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. पद्धतीच्या दृष्टीने ते चूक होतं. तीन आठवड्यांनी कोर्टाचा आदेश आला : घटनास्थळी, दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत, जप्त केलेल्या उरलेल्या काडतुसांनीच फेरचाचणी करावी. काडतुसं नऊ जप्त झाली होती. सहा आम्ही पहिल्या वेळी वापरली होती. तीन उरली होती.

*

जानेवारीत मी तालुक्याच्या ठाण्यात गेले. मालखान्याचा ताबा तावडे नावाच्या हवालदाराकडे होता. नीटनेटका, केस चापून बसवलेला माणूस. त्याने मला खोली उघडून दाखवली. दहा फूट बाय बारा फूट.

"निवडणुकीला इथे किती बंदुका होत्या?"

"दोनशे अकरा, मॅडम. रजिस्टरला आहे."

"या खोलीत?"

"उभ्या मावत नाहीत ना. म्हणून खोलून ठेवल्या. नळ्या एका बाजूला, दस्ते एका बाजूला."

"चिठ्ठ्या?"

"दस्त्यांना होत्या की. नंबर तिकडेच असतो. नळ्यांना पण बांधलेल्या आम्ही, पण सुतळी उंदीर खातात."

"मग परत देताना?"

"ज्याला जी बसेल ती," तावडे अभिमानाने म्हणाला. "एकाची पण तक्रार नाही आली, मॅडम. दोनशे अकरामध्ये."

"आणि खुनाच्या केसमधली बंदूक?"

"ती आधीपासून पडलेली होती. जागा व्हावी म्हणून तीपण खोलली."

मी त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की बाहेर बाकावर बसलेले लोक उठून खिडकीशी आले. तावडे मान खाली घालून ऐकत राहिला आणि मी थांबल्यावर म्हणाला, "मॅडम, वरून लेखी आदेश असा काहीच नव्हता, नळ्यांचं काय करायचं त्याचा."

*

वेळण्याच्या मळ्यात आसपासच्या तीन गावांतले त्रेचाळीस परवानेवाले आपापल्या बंदुका घेऊन आले होते. पोलिसांनी बोलावलं म्हणून काही धास्तावलेले, काही मजा बघायला आलेले. सरकारी वकील छत्रीखाली खुर्चीवर. आरोपीचा वकील उभा. द्वारका बांधावर एकटीच बसली होती.

मी सुताराकडून दोन लाकडी गुल्ल्या घडवून आणल्या होत्या. जाड गुल्ली साध्या नळीच्या तोंडातून आत जायची. तोंड आवळलेलं असेल तर अडायची. बारीक गुल्ली दोन्हींतून जायची. एकेक बंदूक उघडायची, रिकामी असल्याची खात्री करायची आणि तोंडाकडून जाड गुल्ली घालून बघायची.

"बंदुकीक औषध पाजतहास काय, बाई?" रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तुमकाच पाजूक व्हया," दुसरा म्हणाला. "गेल्या वर्सा डुक्कर समजान माझ्या रेड्याक मारलात."

"रेडो मेलो खंय? नुसतो लंगडता."

हशा झाला. मीही हसले असते, पण बांधावर द्वारका होती.

बत्तीस बंदुका झाल्या. तीन नळ्यांत गुल्ली अडली; तिन्हींवर नंबर स्पष्ट होते आणि मागच्या भागाशी जुळत होते. तेहतिसावा बाबी राऊळ.

"आता बघा, बाई," म्हातारा मोठ्याने म्हणाला. "ही औंदाची सुपवाली बंदूक! तीस वर्सां ह्येचो छरो सुपाच्या काठाक लागलो नाय, आणि औंदा खंडेनवमीक पठ्ठ्यान चाळणच केल्यान. पयलो वाटो घेतल्यान डुकराचो!"

"बायलेन दृष्ट काढल्यान बंदुकीची," कुणीतरी पुस्ती जोडली.

या वेळी हसणाऱ्यांत बाबी नव्हता. त्याने बंदूक माझ्या हातात दिली आणि हात पाठीमागे बांधले.

गुल्ली तोंडातच अडली. मी ती काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली. अडली. नळीवर नंबर नव्हता. जिथे असायला हवा तिथे गुळगुळीत, कधीतरी कानशीने घासलेली जागा होती. मी मोजपट्टीने आवळ मोजला. एक मिलिमीटर.

"ही तुमचीच नळी आहे?"

"माझ्या बंदुकीक हीच आसा," तो म्हणाला.

पोलिसांनी आणलेली लवूची बंदूक मी सतरंजीवर ठेवली, तिची नळी सोडवली आणि बाबीची नळी तिच्या मागच्या भागाला लावली. ती टक् करून बसली. मी हलवून पाहिली. केसभरही हलली नाही.

रांगेतले लोक सतरंजीकडे वळले. बंदूक वापरणाऱ्या माणसांना तो आवाज ओळखता येतो.

बांबूच्या चौकटीवर मी पांढरा कागद ताणून बसवला होता. सत्तावीस मीटर टेपने मोजून खुंटी मारली होती. तीनपैकी पहिलं काडतूस घातलं आणि खांद्याला लावून बार टाकला. सरकारी वकिलाने कान झाकले. कागदाजवळ गेलो. दोन्ही वकिलांसमोर, तावडेने टेपचं एक टोक धरलं आणि मी दुसरं.

"चौसष्ट सेंटिमीटर."

दुसरं काडतूस, तेच अंतर, नवा कागद. सदुसष्ट.

तिसरं मी पंधरा मीटरवरून टाकलं. छरे मधोमध एका झुपक्यात पडले. छत्तीस सेंटिमीटर. सहासष्टच्या जवळपासही नाही.

आरोपीच्या वकिलाने सरकारी वकिलाकडे पाहिलं. सरकारी वकील कागदाकडे बघत म्हणाला, "नळी आरोपीचीच होती, हे यावरून सिद्ध होत नाही." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

मी बाबीकडे गेले. चौदा-पंधरा महिन्यांचा हिशेब माझ्या डोक्यात पेटला होता. निमकरांचा मऊ आवाज, उंदरांनी खाल्लेली सुतळी, आणि आता हा. हाच माणूस तिला घेऊन माझ्याकडे आला होता. त्यानेच पावलं मोजून दाखवली होती.

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हणाले. "निवडणुकीनंतर बंदूक हातात आली त्याच दिवशी कळलं होतं."

"त्या दिवशी नाय." त्याचा आवाज इतका हळू होता की लोक पुढे सरकले. "भात पसवलां तेव्हा. पयल्याच बाराक डुक्कर पडलो. मगे दुसरो. बाई, तीस वर्सां अर्धा शेत डुकरांक घातलंय मी. औंदा पयल्यांदा घरात पुरता भात इला. म्हटलंय, देवान दिल्यान."

"आणि खंडेनवमीला?"

"खंडेनवमीक समाजलां. सूप बघितलंय आणि समाजलां. तसा सूप एकट्या लवूचाच असता."

"तरी गप्प बसलात."

"बंदूक काडून घेतली असती. वर केस. आणि लवूच्या कामाक येतला की नाय, ह्या माका खंय म्हायत? म्हणान द्वारकाक म्हटलंय, चल, सूप घेवन जावया. साहेबांका सुपावरून कळात. माझा नाव येवचा नाय."

"नाव येणार नाही!" मी किंचाळलेच. "एक माणूस फासाच्या वाटेवर आहे, त्याची बायको तुमच्या शेजारी बसून एस.टी.ने आली, तिचं तिकीट तुम्ही हातात धरून उभे होतात, आणि तुम्हाला नावाची काळजी! लाज नाही वाटली? तिच्या दारात रोज उभं राहताना?"

बाबी राऊळने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. त्याचे डोळे भरलेले होते, पण त्यांत नरमाई नव्हती.

"वाटली. रोज वाटली. पण एक विचारतंय, बाई. ती नळी माझ्या बंदुकीक नीट बसत नव्हती. हलत होती, खुळखुळ वाजत होती. मी सांध्यात पत्र्याची चकती घातलंय, तेव्हा खंय ती ऱ्हवली. आता माझी नळी लवूच्या बंदुकीक होती ना? मगे तीपण हलत असतली." तो थांबला. "मी पत्रो घातलंय. तुम्ही काय घातलात?"

वाऱ्याने चौकटीवरचा कागद फडफडत होता.

नळी हलत होती. पहिल्या चाचणीच्या दिवशी बंदूक हातात घेतल्या घेतल्या मला ते जाणवलं होतं. मी कच्च्या वहीत लिहिलं होतं, 'नळी सांध्यात सैल; मूळची नसावी?' प्रश्नचिन्हासकट. निमकरसाहेबांनी वही बघून म्हटलं होतं, "जुनी बंदूक आहे, हलणारच. असली प्रश्नचिन्हं अहवालात घालत जाऊ नकोस, वकिलांना आयतं खाद्य मिळतं." मी पक्का अहवाल लिहिला. त्यात ती ओळ नव्हती. माझी बढती त्या महिन्यात व्हायची होती आणि ती झाली. सूप माझ्या टेबलावर आलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली होती ती हीच ओळ. निमकरांच्या खोलीत भांडताना, वकिलाला फोन करताना, तावडेवर ओरडताना, ती ओळ माझ्या खणात होती. मी ती कुणालाच दाखवली नव्हती.

द्वारका बांधावरून उठली आणि आमच्याजवळ आली. तिने बाबीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"हलत होती?" तिने विचारलं.

"हो."

"तुमका कळला होता?"

"हो. लिहून ठेवलं होतं. अहवालात घातलं नाही."

मला वाटलं ती मारेल. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ह्येचा लिवतल्यात ना पंचनाम्यात?" तिने मागे न वळता बाबीकडे हात केला. "गप्प ऱ्हवलो म्हणान?"

"लिहावं लागेल."

"मगे तुमचाय लिवा."

आरोपीचा वकील घाईने मध्ये आला. "ताई, त्याची जरूर नाही. आपलं काम झालंय. मॅडमचीच साक्ष आपल्याला लागणार आहे, त्यांच्याच विरुद्ध गेलं तर—"

"तुम्ही गप्प ऱ्हवा," द्वारका म्हणाली. "गप्प ऱ्हवाची सवय आसा हयसर सगळ्यांकच."

मी सतरंजीवर बसले, तावडेच्या हातातला पंचनाम्याचा कागद मागून घेतला आणि माझ्या हस्ताक्षरात तीन ओळी लिहिल्या.

त्या तीन ओळींचं पुढे बरंच झालं. सरकारी वकिलाने त्या माझ्याविरुद्ध वाचल्या, निमकरसाहेबांनी वहीतली ओळ आपण कधी पाहिलीच नसल्याचं लेखी दिलं, माझी खातेनिहाय चौकशी झाली आणि बढती परत घेतली गेली. खुनाचा आरोप टिकला नाही. लवू घाडीला निष्काळजीपणाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. ती त्याची आधीच भोगून झाली होती. एप्रिलमध्ये तो घरी गेला. मी त्याला साक्षीच्या दिवशी एकदाच पाहिलं, दोन पोलिसांच्या मधे बसलेला, ओळख नसल्यासारखा माझ्यावरून नजर फिरवणारा.

पण त्या दिवशी मळ्यात अजून एक काम उरलं होतं. पंचनामा पंचांना वाचून दाखवावा लागतो. तावडे उभा राहिला, घसा साफ केला आणि ठाण्यात वाचतात त्या एकसुरी, भराभर आवाजात त्रेचाळीस बंदूकवाल्यांसमोर वाचू लागला. अंतर, कागद, सेंटिमीटर. बाबी राऊळ यांचं म्हणणं. त्यानंतर माझ्या ओळी आल्या.

"'सदर बंदुकीची नळी सांध्यात सैल असल्याचे मला पहिल्या तपासणीच्या वेळीच दिसून आले होते. मी त्याची नोंद केली होती. मी ती अहवालात समाविष्ट केली नाही व आजपर्यंत कोणासही सांगितली नाही.' बरोबर, मॅडम?"

"बरोबर," मी म्हणाले आणि सहीसाठी हात पुढे केला.

"थांबा," द्वारका म्हणाली. "मागच्यांका ऐकाक येवक नाय. परत वाचा."

तावडेने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने पुन्हा वाचलं, या वेळी हळू.